चौंडक्याचा ओढलेला सूर सनव्हॉक्समध्ये कसा आणायचा? (लॅपटॉप ४ जीबी, ग्राफिक्स कार्ड नाही)

झेरॉक्सवाला, निलंगा (रात्री ११.५०)

नमस्कार मंडळी. तहसीलसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. दिवसभर सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा. रात्री शटर अर्धं ओढलं की त्याच लॅपटॉपवर माझं गाणं सुरू. गाणं म्हणजे ठोकेच जास्त, सूर कमी. कीबोर्ड वाजवता येत नाही, पेटी येत नाही, पण फॉर्म भरून भरून बोटं आकड्यांवर पळतात, त्यामुळे ट्रॅकर मला पहिल्याच दिवशी आपला वाटला. वरून खाली ओळी, प्रत्येक ओळीत एक सूर, एक आवाज, एक आकडा. साधी वहीच आहे ती.

सध्या सनव्हॉक्स आणि ओपनएमपीटी असे दोन ट्रॅकर वापरायलोय. दोन्ही फुकट. व्हीसीव्ही रॅकही उतरवून बघितलं, म्हणजे पडद्यावर डबे (मॉड्यूल) वायरीने जोडून आवाज बांधायचं सॉफ्टवेअर. दिसायला लई देखणं, पिवळ्या-निळ्या वायरी लोंबकळतात, दोन मॉड्यूल जोडून पों आवाज आला तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. पण पाचवं मॉड्यूल टाकलं की आवाज फाटतो आणि पंखा पिठाच्या गिरणीसारखा सुरू होतो. लॅपटॉप जुना आय-थ्री आहे, सेकंडहँड.

आता मुद्दा. आमच्या गल्लीत मंगळवारी आणि शुक्रवारी एक जोगतीण मावशी जोगवा मागायला येते. तिच्याकडे चौंडकं आहे. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: एक पोकळ डबा, एका तोंडाला कातडं, कातड्याच्या मधून तार निघते. डबा काखेत धरायचा, एका हाताने तार ताणायची, दुसऱ्याने छेडायची. ताण वाढवला की सूर वर चढतो, सैल सोडला की खाली घरंगळतो. डुंव्वंव, असं. मी तिला विचारून मोबाईलवर रेकॉर्ड केलं. पैसे हातात घेईना, परडीत टाक म्हणाली.

अडचणी तीन:

त्या रेकॉर्डिंगमधला एक ठोका कापून सॅम्पल म्हणून लावला, तर प्रत्येक ठोका अगदी त्याच जागी तसाच ओढला जातो. सूर बदलला की ओढही जलद-मंद होते, कारण सगळं सॅम्पलच वेगाने फिरतं. वरच्या पट्टीत तर चिमणी ओरडल्यासारखं.

हलगीचे ठोके एका चुलत्याकडून घेतले. तीही मशीनगन झाली. शिवाय दुसरा ठोका पडला की पहिल्याची घुमक कात्रीने कापल्यासारखी तुटते.

तिसरी, ठेका. मावशीचं गाणं मी बोटावर मोजलं, सहा-सहाने चालतं. एका मात्रेला मी दोन ओळी देतो. पण चौसष्ट ओळी संपल्या की दर वेळी लंगडतं. कुठे चुकायलंय कळेना.

गाणं बनवून कुठे विकायचं नाही, रील काढायची नाही. फक्त तो डुंव्वंव पाहिजे.

---

कॉलेजकट्टा, लातूर (रात्री १२.१५)

दादा, एवढा ताप कशाला? मोठं विकतचं सॉफ्टवेअर टाका, क्रॅक मिळतो, मी लिंक देतो. त्यात सगळे भारतीय तालवाद्यांचे पॅक आयते येतात.

---

झेरॉक्सवाला (रात्री १२.२२)

भावा, राग नको मानू. याच लॅपटॉपवर अर्ध्या तालुक्याचे आधार नंबर आणि बँक पासबुकं स्कॅन होतात. क्रॅकमधून काय शिरंल सांगता येत नाही. मागे एकदा पेन ड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसने फॉर्मच्या शेवटच्या दिवशी माझी इज्जत काढली होती, बाहेर चाळीस माणसं रांगेत. आणि पॅकमध्ये चौंडकं असेल असं तुला खरंच वाटतं का?

---

गोदाकाठ, नांदेड (सकाळी ६.४०)

मालक, प्रश्न वाचून बरं वाटलं. सकाळचा चहा बाजूला ठेवून लिहितोय, थोडं लांबेल.

आधी तुमच्या लॅपटॉपची लाज काढून टाका. ट्रॅकर जन्मालाच आला तो गरीब मशीनवर. १९८७ साली कार्स्टन ओबार्स्की नावाच्या जर्मन माणसाने अमिगा या घरगुती संगणकासाठी अल्टिमेट साउंडट्रॅकर लिहिला. त्या मशीनला आवाजाचे चॅनेल चार आणि सॅम्पल ८ बिटचे. चारात ढोल, बेस, सूर, साथ सगळं बसवायचं. पोरांनी बसवलं. मी स्वतः १९९९ मध्ये पॉलिटेक्निकला असताना डॉसवर फास्टट्रॅकर २ चालवला. स्वीडनच्या ट्रायटन या गटाने १९९४ मध्ये काढलेला. घरच्या पेंटियमला साउंड ब्लास्टर होतं तोवर मजा केली. मदरबोर्ड बदलला, नव्याचं साउंड डॉसला ओळखू येईना आणि माझा फास्टट्रॅकर मुका झाला. पुढे मिल्कीट्रॅकर आला, दिसायला-वागायला अगदी तसाच, तेव्हा कुठे जुन्या फाइली पुन्हा ऐकल्या. तुमचा आय-थ्री त्या पेंटियमच्या मानाने हत्ती आहे.

सोप्यापासून सुरू करतो. ठेका. ६ मात्रा गुणिले २ ओळी म्हणजे आवर्तनाच्या १२ ओळी. ६४ मध्ये पाच आवर्तनं बसतात आणि चार ओळी उरतात. त्या चार ओळी म्हणजे तुमचं लंगडणं. ६४ हा काही देवाचा आकडा नाही. पॅटर्न ४८ किंवा ७२ ओळींचा करा, विषय संपला. ओपनएमपीटीत पॅटर्नच्या गुणधर्मांत आकडा बदलतो, सनव्हॉक्समध्ये तर पॅटर्न कितीही लांबीचा घ्या.

हलगी. जुन्या मॉड आणि एक्सएम फाइलीत नियम असा की एका चॅनेलवर एका वेळी एकच आवाज. दुसरा आला की पहिला मेला. म्हणून घुमक तुटते. दोन उपाय. साधा उपाय, एक ठोका पहिल्या चॅनेलवर, पुढचा दुसऱ्यावर, आलटून पालटून. दुसरा, ओपनएमपीटीत फाइल आयटी प्रकारची करा आणि इन्स्ट्रुमेंटच्या पानावर ‘न्यू नोट अॅक्शन’ शोधा. तिथे ‘कट’ असतं, ते ‘कंटिन्यू’ किंवा ‘नोट फेड’ करा. मग नवा ठोका पडला तरी जुना मागे घुमत राहतो. आयटी म्हणजे जेफ्री लिमच्या इम्पल्स ट्रॅकरची जात, १९९५ ची, आणि माझ्या मते हलगीसाठी तीच बरी.

मशीनगनसाठी चुलत्याला पुन्हा बसवा. एकाच जागेचे सहा-सात ठोके घ्या, जोराचे, हलके, कडेचे, मधले. हलगी शेकल्यावर लगेचचे वेगळे आणि कातडं गार होत आल्यावरचे वेगळे. ओपनएमपीटीत एकाच इन्स्ट्रुमेंटमध्ये प्रत्येक पट्टीला वेगळं सॅम्पल नेमता येतं. म्हणजे सा दाबला की जोराचा, रे दाबला की हलका. तिथेच आवाजाला थोडा स्विंग द्यायची सोय आहे, प्रत्येक ठोका आपोआप कमीजास्त होतो. रेकॉर्ड करताना छताचा पंखा बंद करा आणि मोबाईलच्या अॅपमधलं आवाज-सफाईचं बटण बंद करा. ते अॅप हलगीची घुमक म्हणजे गोंगाट समजून खाऊन टाकतं.

आता चौंडकं. तुमच्या प्रश्नातच उत्तर लपलंय. सॅम्पल म्हणजे फोटो. चौंडक्यात हात हलतो, आणि हात फोटोत येत नाही. तो बांधावा लागतो. मॉड्युलर सिंथची कल्पना हीच आहे: तार कंप पावते तो ऑसिलेटर, आवाज विरत जातो तो एन्व्हलप, आणि ताणणारा हात म्हणजे ऑसिलेटरच्या सुराला जोडलेलं व्होल्टेज. मावशीच्या काखेत मॉड्युलर सिंथच आहे म्हणा की.

रॅकमध्ये समजून घ्या, करा मग सनव्हॉक्समध्ये. रॅक २०१७ मध्ये अँड्र्यू बेल्टने काढलं. त्यात नियम आहे की एक व्होल्ट वाढला की एक सप्तक वर. शून्य व्होल्टला मधला सी, २६१.६३ हर्ट्झ. एक व्होल्टला बारा भाग पाडले की एकेक स्वर. म्हणजे मावशीची तार ताणल्यावर पाच स्वर चढत असेल तर हाताचं व्होल्टेज फक्त ०.४२. इथेच सगळे फसतात. एन्व्हलप शून्यापासून दहा व्होल्टपर्यंत जातो. तो तसाच सुराला जोडला तर दहा सप्तकं चढतो, शेजारच्या कुत्र्यांनाच ऐकू येईल. व्हीसीओच्या (म्हणजे ऑसिलेटरच्या) एफएम तोंडात, जिथून सूर हलवता येतो, तिथे वायर घाला आणि तिथलं बटण जवळजवळ शून्यावर आणून हळूहळू वाढवा.

लागणारे डबे इतकेच: व्हीसीओ एक, साइन किंवा ट्रँगल तोंडातून. आवाज कमीजास्त करणारा व्हीसीए एक. एडीएसआर, म्हणजे एन्व्हलप, दोन: पहिला व्हीसीएला, सस्टेन शून्य, डिके तीनेकशे मिलिसेकंद. दुसरा सुराला, अॅटॅक शून्य, डिके थोडा जास्त. छेडताना येणारा कातड्याचा टक् पाहिजे असेल तर नॉइजचा कणभर ठिपका मिसळा. हे सगळे डबे फंडामेंटल या संचात आहेत.

आवाज फाटतो त्याला तीन गोष्टी करून बघा. ऑडिओ मॉड्यूलमध्ये ब्लॉक साइज १०२४ करा. इंजिनच्या मेनूत सॅम्पल रेट ४४,१०० पेक्षा वर ठेवू नका. व्ह्यूच्या मेनूत फ्रेम रेट कमी करा, कारण निम्मा जीव त्या वायरी रंगवण्यात जातो. दुकानात नेट अडखळत असेल तर कार्डिनल बघा. रॅकच्याच पायावर उभं, त्यात मॉड्यूल आधीच भरलेले येतात, वेगळं लॉगिन करून उतरवावं लागत नाही. आणि रॅकची मोफत आवृत्ती दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आत प्लगइन म्हणून चालत नाही, कार्डिनल चालतं.

पण मी तुमच्या जागी असतो तर सनव्हॉक्सच धरलं असतं. अलेक्झांडर झोलोतोव या रशियन माणसाचं काम. ट्रॅकर आणि मॉड्युलर एकाच ताटात, आणि भाकरीवर जगणारं सॉफ्टवेअर. संगणकावर फुकट, मोबाईलवर मात्र पैसे पडतात. जनरेटर मॉड्यूल घ्या, सस्टेन बंद करा, रिलीज वाढवा, पुढे फिल्टर आणि थोडा इको. हाताचं काम पॅटर्नमध्ये लिहा: इफेक्टच्या रकान्यात ०१ म्हणजे सूर वर सरकव, ०२ म्हणजे खाली. ठोक्याच्या ओळीवरच ०१ लिहा, पुढच्या ओळीवर ०२. प्रत्येक ठोक्याला वेगळा आकडा द्या. ओढ तुमच्या हातात आली.

जाता जाता एक. गोंधळ-जोगव्यात लय चढत जाते, ती विसरू नका. ट्रॅकरमध्ये एफच्या आज्ञेने वेग बदलतो. आकडे सोळाच्या पद्धतीत (हेक्स) असतात, म्हणून १२५ म्हणजे ७डी. प्रत्येक पॅटर्नच्या पहिल्या ओळीवर एफ७डी, मग एफ७ई, एफ७एफ, एफ८० असं एकेकाने चढवा. सनव्हॉक्समध्येही ०एफ हेच करतो. आकडा २० च्या खाली लिहू नका, मग तो वेगाऐवजी एका ओळीत किती टिक (ओळीचे बारीक तुकडे) ते बदलतो आणि गाणं भलतीकडे पळतं.

---

अंबानगरी, अंबाजोगाई (सकाळी ९.०५)

मी शाळेत संगीत शिकवते, संगणकातलं मला फारसं कळत नाही, पण दोन गोष्टी राहवत नाहीत.

गोदाकाठ दादा, लय एकेकाने जिन्यासारखी चढवू नका. माणूस गाताना कडवं संपताना ओढतो आणि ध्रुवपद आलं की पुन्हा किंचित सैल सोडतो. चार पायऱ्या वर, एक खाली. आणि झेरॉक्सवाले भाऊ, मावशीची पट्टी बघितलीत का? पेटी नसली तरी मोबाईलवर सूर दाखवणारं अॅप असतं. त्या बहुतेक काळी एक किंवा पांढऱ्या एकच्या आसपास गात असतील, पण पेटीच्या बरोब्बर नाहीच. पेटीचा गंधार स्वाभाविक गंधारापेक्षा साधारण १४ सेंट (सेंट म्हणजे एका स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. मावशीचा उतरलेला असेल तर तुम्ही यंत्रात चढा लावू नका, कानाला लगेच परका वाटतो.

आणि रेकॉर्डिंग कुणाला दिलंत तर त्यांना सांगून द्या.

---

गोदाकाठ (सकाळी ९.३०)

ताई, लयीचं कबूल. मी इंजिनिअर माणूस, जिनाच दिसतो मला.

गंधारासाठी: रॅकमध्ये सोपं आहे, एका स्वराचे शंभर सेंट म्हणजे ०.०८३ व्होल्ट, त्यामुळे १४ सेंट म्हणजे ०.०१२ च्या आसपास उतरवा. एक्सएम सॅम्पलला फाइनट्यून असतो, १२८ पायऱ्या म्हणजे एक स्वर, तिथे १८ पायऱ्या खाली. गंधारासाठी वेगळं सॅम्पल ठेवा आणि त्यालाच उतरवा, सगळ्याला नाही. काळी एक असेल तर मधल्या सप्तकात २७७ हर्ट्झ धरा, चौंडकं त्याच्या खाली, १३८-१३९ ला.

---

झेरॉक्सवाला (तीन दिवसांनी, रात्री १.१०)

उशीर झाला, माफ करा. परवा संध्याकाळपासून रात्री दहापर्यंत लाईट नव्हती आणि काल फॉर्मची गर्दी.

जे झालं ते सांगतो. ४८ ओळी केल्या आणि लंगडणं गेलं. दोन महिने मला वाटत होतं माझं बोट चुकतंय. हलगीला आयटी फाइल करून ‘नोट फेड’ लावलं. चुलत्याने शेकलेली आणि गार अशी दोन्ही वाजवून दिली, वरून माझ्याकडून चहा आणि भजी वसूल केली. आता मागची घुमक राहते. थोडी जास्तच राहते, मी फेडचा आकडा वाढवायलोय.

रॅकवर ब्लॉक १०२४ केल्यावर आठ मॉड्यूलपर्यंत फाटत नाही. तिथे चौंडकं एकदा बांधून बघितलं, हाताचं व्होल्टेज म्हणजे काय ते तिथेच डोक्यात शिरलं. एफएमचं बटण आधी अर्ध्यावर होतं. गोदाकाठ काका, कुत्री खरंच भुंकली.

मग तेच सनव्हॉक्समध्ये लिहिलं. ठोक्याच्या ओळीवर ०१, पुढच्यावर ०२, तुम्ही म्हणालात तसं. मला तर लई भारी वाटलं. आज शुक्रवार. मावशी आली तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तिच्या कानाला इअरफोन लावला. तिने पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, “चांगलं हाय लेकरा, पन ह्ये आदी वडायलंय. आदी मारायचं, मग वडायचं.” आणि चौंडकं काढून दाखवलं. मी इतके दिवस रेकॉर्डिंग ऐकतोय, माझ्या कानाला कळलं नव्हतं. तार छेडली जाते तेव्हा सूर जागेवर असतो. क्षणभर थांबतो. मग चढतो. आमचं यंत्र छेडतानाच चढत होतं.

मग बसलो. ओढ पुढच्या ओळीवर ढकलली तर उशीर व्हायला लागला. काकांनी सांगितलेलं नाही पण मी शोधून काढलं: १२५ वेगाला एक टिक २० मिलिसेकंदांचा, सहा टिकांची ओळ म्हणजे १२०. एवढं थांबणं फार होतं, वेगळाच ठोका वाटतो. म्हणून एका ओळीत टिक तीन केले आणि ओळी दुप्पट, ९६. आता ओळ ६० मिलिसेकंदांची, लय तीच. ठोका एका ओळीवर, ०१ पुढच्या ओळीवर, ०२ तिसऱ्या-चौथ्यावर. डुं-व्वंव. बरोबर तेच.

मावशीचा सूर काळी एकपेक्षा थोडा खाली निघाला, पांढरी एक आणि काळी एकच्या मधे. ताई, तुम्ही म्हणालात तसंच. सगळं मॉड्यूलच तेवढं उतरवलं, गंधाराला अजून हात लावला नाही.

---

गोदाकाठ (सकाळी ६.२५)

चूक माझी. रॅकमध्येही दुसऱ्या एडीएसआरचा अॅटॅक शून्य लिहिला होता मी. तो ६० ते १०० मिलिसेकंदांवर न्या, म्हणजे सूर जागेवरून निघून चढेल. निघताना थोडा रेंगाळायला हवा असेल तर ठोक्याचा गेट (सुरू हो म्हणणारा इशारा) त्या एडीएसआरला किंचित उशिरा पोचवा. मावशींना माझा नमस्कार सांगा.

फाइल केवढी झाली?

---

झेरॉक्सवाला (दुपारी २.१५)

चौंडक्याची फाइल ३० केबीच्या आत, कारण त्यात एकही सॅम्पल नाही. हलगीची ४ एमबी आहे. एका अर्जदाराच्या फोटो-सहीची फाइल यापेक्षा मोठी येते माझ्याकडे.

पुढच्या मंगळवारी मावशी सोबतिणीला घेऊन येते म्हणाली, तिच्याकडे झांज आहे. झांजेचा छन्न कसा करायचा? सॅम्पल घेऊ की बांधू?

---

गोदाकाठ (दुपारी २.४०)

झांज बांधायला अवघड. तिच्यात सूर एकमेकांच्या पटीत बसत नाहीत, साध्या जनरेटरने होणार नाही. सनव्हॉक्सचं एफएम मॉड्यूल घ्या, दोन्ही ऑसिलेटरचं प्रमाण मुद्दाम वाकडं ठेवा आणि वर हाय-पास फिल्टर लावा. पण आधी दोन्ही झांजा एकमेकींना घासतात तो आवाज वेगळा आणि आपटतात तो वेगळा, असे दोन्ही रेकॉर्ड करून आणा. पंखा बंद.